मॉरिशस: हॉटेलचे जेवण घ्यावे, की बाहेर जेवावे?

मृण्मयी_देव

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही सहकुटुंब मॉरिशसला जात आहोत. मी, नवरा, नववीत शिकणारा मुलगा आणि सासू-सासरे असे पाच जण आहोत. विमानाची तिकिटे काढून झाली आहेत. अर्धा मुक्काम उत्तरेला ग्राँ बे येथे आणि उरलेला पूर्व किनाऱ्यावर बेल मार येथे, असे साधारण ठरले आहे. अडले आहे ते जेवणापाशी.

दोन्ही हॉटेले तीन पर्याय देतात: फक्त न्याहारी, न्याहारी आणि रात्रीचे जेवण, किंवा सर्व जेवणखाण एकाच दरात. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि अंडेही खात नाहीत. बाकीचे आम्ही मासे आवडीने खातो. इतक्या दूर जाऊन रोज दोन्ही वेळा बुफेच्याच रांगेत उभे राहायचे, हे माझ्या मनाला पटत नाही. मात्र रात्री वडीलधाऱ्यांना घेऊन जेवणाच्या शोधात हिंडायचीही माझी तयारी नाही. ज्यांनी तो देश पाहिला आहे, त्यांनी कोणत्या भागात कुठे आणि काय खावे हे कृपया सविस्तर सांगावे.

भटका_जीव

फक्त न्याहारी घ्या आणि बाकी सर्व बाहेर खा. मॉरिशसचे खरे खाणे रस्त्यावर आहे.

रेवतीअनिल

वरील मताशी सहमत. दुपारच्या जेवणाचे पैसे हॉटेलात आधी भरून ठेवले, की भर दिवसा फिरणे अर्धवट टाकून जेवणासाठी परतावे लागते, आणि बेटाचा निम्मा भाग पाहायचा राहून जातो.

एबेनचा_रहिवासी

मी नोकरीनिमित्त अनेक वर्षांपासून मॉरिशसमध्ये राहतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

भटका_जीव यांचे म्हणणे दिवसापुरते अगदी बरोबर आहे, रात्रीपुरते नाही. या देशातले सर्वांत चांगले खाणे सकाळी आणि दुपारी मिळते. गाडीवरची धोल पुरी, म्हणजे डाळ भरलेली पातळ पोळी, सकाळपासून विकली जाते आणि चांगल्या गाड्यांवरचा माल दुपारीच संपतो. राजधानी पोर्ट लुईचा मध्यवर्ती बाजार, चायनाटाउनमधल्या लहान खानावळी, कार्यालयांच्या भोवतालची खाण्याची दुकाने, हे सगळे दिवसाच्या कामकाजाबरोबर चालते. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की राजधानीचे रस्ते रिकामे होतात. त्यामुळे "बाहेर खाऊ" एवढे ठरवून भागत नाही. कोणत्या वेळी आणि कोणत्या किनाऱ्यावर, हेही ठरवावे लागते.

ग्राँ बे येथे रात्री चालत जाता येईल इतक्या अंतरावर भरपूर उपाहारगृहे आहेत. पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकलाही हीच सोय आहे. तिथे रात्रीचे जेवण हॉटेलात घेण्याचे काहीच कारण नाही. बेल मारची गोष्ट वेगळी आहे. तिथली हॉटेले लांबच लांब किनाऱ्यावर विखुरलेली आहेत, बाहेरच्या रस्त्यावर अंधार असतो आणि अंधार पडल्यावर बस मिळणे अवघड होते. टॅक्सी मिळते, पण मीटरने जाण्याची पद्धत नसल्यामुळे भाडे आधी ठरवून घ्यावे लागते. पाच माणसांना रोज रात्री जाऊन-येऊन टॅक्सी करायची, तर बाहेरच्या स्वस्त जेवणातली बचत तिथेच संपते. म्हणून माझा सल्ला असा, की ग्राँ बेला फक्त न्याहारी घ्या आणि बेल मारला न्याहारीसोबत रात्रीचे जेवणही घ्या. सर्वसमावेशक दर दोन्हीकडे टाळा.

हर्षद_पा

सर्वसमावेशक दर टाळा, हे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. वाढत्या वयाचा मुलगा बरोबर असेल, तर दिवसभराची सरबते, आइस्क्रीम, चार वाजताचे खाणे यांचे बिल पाहता पाहता वाढते. रिसॉर्टमधल्या शीतपेयांचे दर बाहेरच्या दुकानाच्या कितीतरी पट असतात. ज्यांना समुद्र, तलाव आणि वाचन एवढेच हवे आहे, त्यांनी एकदाच पैसे भरून निश्चिंत व्हावे. सुट्टी म्हणजे प्रत्येकासाठी खाद्यभ्रमंती असतेच असे नाही.

एबेनचा_रहिवासी

हर्षद, दिवसभर हॉटेलातच राहणाऱ्यांसाठी तुमचा हिशेब बरोबर आहे. धागाकर्तीने मात्र सुरुवातीलाच लिहिले आहे, की त्यांना बुफेच्या बाहेरचे खायचे आहे. शीतपेयांसाठी गावातल्या सुपरमार्केटमध्ये एक फेरी मारली की काम भागते.

शाकंभरी

सासूबाईंच्या जेवणाची अजिबात काळजी करू नका. मी स्वतः अंडे न खाणारी आहे आणि मॉरिशसमध्ये माझे हाल झाले नाहीत, उलट रोज काही नवीन खायला मिळाले.

सर्वांत आधी धोल पुरी. ही म्हणजे थेट आपली गुळाविना पुरणपोळी. शिजवून बारीक केलेली पिवळी डाळ मैद्याच्या पारीत भरून ती इतकी पातळ लाटतात, की हातात धरली तर बोटे दिसतात. गाडीवर काचेच्या पेटीत कापडाखाली पुऱ्यांची चळत असते. विक्रेता त्यातून दोन पुऱ्या एकदम उचलतो, कारण ती नेहमी जोडीनेच विकतात. त्यांवर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची पातळ आमटी, रुगाय म्हणजे टोमॅटोचा मसालेदार रस्सा, कोथिंबिरीची चटणी आणि भाज्यांचे मोहरी घातलेले आशार म्हणजे लोणचे, हे सगळे एका दमात पसरतो, गुंडाळी करून कागदात देतो, आणि तोवर मागच्या माणसाच्या जोडीला हात घातलेला असतो. हे सर्व पदार्थ शाकाहारी असतात. रोझ हिल गावातल्या "देवा"च्या धोल पुरीचे नाव मॉरिशसभर घेतले जाते आणि ते सार्थ आहे.

दुसरा पदार्थ गातो पिमाँ. हरभऱ्याची किंवा वाटाण्याची डाळ भिजवून जाडसर वाटतात, त्यात मिरची, कांद्याची पात व कोथिंबीर घालून लहान वडे तळतात. मॉरिशसचे लोक लोणी लावलेल्या पावात हे गरम वडे दाबून सकाळच्या चहाबरोबर खातात. हॉटेलची न्याहारी एखाद दिवशी सोडून हे खाऊन पाहाच.

काळजी घ्यायची ती चिनी पद्धतीच्या पदार्थांत. भाज्यांचे म्हणून दिलेल्या नूडल्समध्येही अंडे किंवा माशांपासून केलेला सॉस असू शकतो. बूलेत म्हणजे चिनी पद्धतीचे उकडलेले गोळे. त्यांचे एक रूप चायोत नावाच्या भाजीचे असते आणि दिसायला पूर्ण शाकाहारी वाटते, पण त्यातही पुष्कळदा सुकी कोळंबी घालतात. विचारल्याशिवाय घेऊ नका. क्रिओल या तिथल्या बोलीभाषेत "मो पा मान्ज लाव्यान, पा मान्ज प्वासों, पा मान्ज दिझेफ" एवढे म्हटले, की मांस, मासे आणि अंडी चालत नाहीत हे दुकानदाराला लगेच समजते. इंग्रजी बहुतेकांना येते, हिंदी पुष्कळांना कळते, तरी या वाक्याने काम लवकर होते.

मृण्मयी_देव

शाकंभरीताई, मनापासून आभार. ते वाक्य मी सासूबाईंना पाठ करायला दिले आहे आणि त्या उत्साहाने करतही आहेत.

डॉ_निनाद

एक डॉक्टर म्हणून थोडे सावधगिरीचे लिहितो. रस्त्यावर खाऊ नका असे मी म्हणणार नाही, परंतु सत्तरीच्या आसपासच्या माणसांना पहिल्याच दिवशी चटण्या आणि कच्चे आशार देऊ नयेत. गर्दीची गाडी निवडावी, कारण तिथला माल ताजा असतो. डोळ्यांदेखत तळलेले किंवा तव्यावरून उतरलेले घ्यावे. मिरचीची चटणी वेगळी मागावी; ती लहान चमच्याएवढी असली तरी फार तिखट असते. समुद्रकिनाऱ्यावर अननस सोलून, त्याला मीठ, तिखट आणि चिंच लावून देतात. तो खावासा वाटणारच, पण आपल्यासमोर सोलून घ्यावा. पाणी बाटलीबंद घ्यावे.

शिवाय जेवणाच्या वेळा पाळणे, औषधांची वेळ सांभाळणे हे वृद्धांसाठी चवीइतकेच महत्त्वाचे आहे. त्या दृष्टीने बेल मारला रात्रीचे जेवण हॉटेलात घेण्याचा वरील सल्ला मला योग्य वाटतो. किंबहुना मी दोन्हीकडे तसेच करीन.

भटका_जीव

डॉक्टर, ग्राँ बेला उपाहारगृहे संध्याकाळी लवकर उघडतात आणि हॉटेलातूनही चालत जाता येते. तिथे औषधांच्या वेळेची अडचण येऊ नये.

इतिहासवेडा

बेटावरच्या ताटाचा इतिहास समजून घेतला तर खाण्याची गोडी वाढते, म्हणून थोडे लिहितो.

१८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर आणायला सुरुवात केली. बिहारकडचे भोजपुरी बोलणारे लोक सर्वाधिक होते, आणि त्यांच्याबरोबर तमिळ, तेलुगू व आपले मराठी लोकही गेले. मजूर जिथे उतरत, तो आप्रवासी घाट पोर्ट लुई बंदरात आहे आणि २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याआधी फ्रेंच वसाहत होती, आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम म्हणून आणलेली माणसे होती, आणि चिनी व्यापारीही येथे स्थायिक झाले. म्हणून एकाच रस्त्यावर फ्रेंच पाव, भोजपुरी पुरी, क्रिओल रुगाय आणि चिनी नूडल्स मिळतात, आणि कोणताही मॉरिशसवासी या चारही गोष्टी आपल्याच मानतो. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, हेही मराठी माणसाने जाता जाता लक्षात ठेवावे.

माझी सूचना अशी, की एक सकाळ राखून ठेवा. आधी आप्रवासी घाट पाहा. प्रवेश विनामूल्य आहे. मग तिथून चालत मध्यवर्ती बाजारात जा. भाजीच्या ओळींतून फिरून झाले की आलूदा प्या. थंड दूध, भिजवलेला सब्जा आणि अगरची किसलेली जेली असे ते पेय आहे. अगर समुद्री शेवाळापासून करतात, त्यामुळे शाकाहारी माणसालाही ते चालते. बाजारातील "पिले" यांच्या आलूदाच्या ठेल्यापाशी कायम गर्दी असते.

शाकंभरी

आलूदाला माझेही अनुमोदन. फक्त साखर कमी घालायला सांगा, फार गोड असतो.

समुद्रपक्षी

मासे खाणाऱ्यांसाठी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो.

हॉटेलच्या बुफेत मासा मिळतो, पण तो बहुधा सर्वांना चालेल असा सौम्य केलेला असतो. वेंदाय मागा. माशाचे तुकडे तळून ते हळद, वाटलेली मोहरी, लसूण, हिरवी मिरची आणि शिरक्यात मुरवत ठेवतात. हा पदार्थ थंडच, पावाबरोबर किंवा भाताबरोबर खातात, आणि केल्याच्या दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो. धुरावलेला मार्लिन मासा हादेखील तिथला खास पदार्थ आहे; लिंबू पिळलेले पातळ काप असतात.

आठपायी ऑक्टोपसची करी मॉरिशसची मोठी ओळख आहे. पण तुम्ही जाता त्या काळात एक गोष्ट पाहावी लागेल. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिथे ऑक्टोपस पकडण्यावर बंदी असते, म्हणजे त्याला अंडी घालून वाढायला अवधी मिळतो. त्या दिवसांत ताजा म्हणून कोणी पुढे केला तर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या समुद्रावर आपण आनंद लुटायला जातो, त्याच्या नियमांना आपण हातभार लावलाच पाहिजे.

इल ओ सेर बेटावर नेणाऱ्या कॅटामरानच्या सहलीत बोटीवर किंवा किनाऱ्यावर भाजलेल्या कोंबडी-माशाचे जेवण धरलेले असते. त्या दिवशी दुपारचा प्रश्न सुटतो, मात्र सासूबाईंसाठी शाकाहारी जेवण हवे आहे हे नोंदणी करतानाच सांगावे. बोटीवर पोचल्यावर सांगितले तर कोशिंबीर आणि पाव यांपलीकडे काही हाती लागत नाही.

सागरिका_म

ऑक्टोपसचा विषय निघाला आहे तर रॉड्रिग्जचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. मॉरिशसपासून विमानाने साधारण दीड तासावर असलेले हे लहान बेट त्याच देशाचा भाग आहे. किनाऱ्यावर काठ्या रोवून त्यांवर ऑक्टोपस वाळत घातलेले असतात, आणि पोर्ट माथुरँच्या शनिवारच्या बाजारात लिंबाची व मिरचीची लोणची, मध आणि घेवड्याचे दाणे घेऊन गावोगावचे लोक बसतात. घरगुती जेवणाची परंपरा तिथे मुख्य बेटापेक्षा जिवंत आहे.

एबेनचा_रहिवासी

सागरिका यांचे वर्णन यथार्थ आहे, पण पाच जणांच्या या दौऱ्यात रॉड्रिग्ज घालणे म्हणजे फार धावपळ होईल. घरगुती जेवण मुख्य बेटावरही मिळते. शामारेलच्या डोंगराळ भागात काही कुटुंबे आपल्या घरी ठरावीक जेवण वाढतात. त्याला ताब्ल दोत म्हणतात. आदल्या दिवशी फोन करून किती माणसे आणि शाकाहारी किती हे सांगावे लागते. कोंबडीची किंवा हरणाच्या मांसाची करी, पालेभाजीचे ब्रेद, डाळ, भात आणि चटणी असा बेत असतो. सात रंगांची माती पाहायला सगळेच शामारेलला जातात. त्याच दिवशी हे जेवण जमवावे.

रेवतीअनिल

शामारेलच्या बाबतीत थोडे वेगळे मत नोंदवते. दरीचा आणि समुद्राचा देखावा दाखवणारी तिथली मोठी उपाहारगृहे सहलींच्या बसगाड्यांनी भरलेली असतात आणि दुपारी फार वेळ थांबावे लागते. घरगुती जेवणाची वेळ आधी ठरली नसेल, तर मुलाला आणि आजी-आजोबांना तिथे ताटकळत ठेवण्यापेक्षा वाटेतल्या गावातून पुऱ्या बांधून घ्याव्यात. आणखी एक सूचना: मेन्यूकार्डावरची किंमत करासहित आहे की १५ टक्के कर वेगळा लागणार आहे, हे मागणी देण्यापूर्वी पाहावे.

हर्षद_पा

नववीतल्या मुलासाठी बोल राँवेर्से नक्की सांगा. वाडग्याच्या तळाशी तळलेले अंडे, त्यावर भाज्या आणि कोंबडी किंवा कोळंबीचा रस्सा, त्यावर दाबून भरलेला भात, आणि मग तो वाडगा ताटलीवर उपडा करतात. वाडगा उचलला की वर अंडे आणि कडेने रस्सा ओघळतो. पोर्ट लुईच्या चायनाटाउनमध्ये तो उत्तम मिळतो. मी हॉटेलच्या बाजूने बोललो असलो, तरी हा पदार्थ बाहेरचाच चांगला.

पुणेरी_खवय्या

गोडाबद्दल कोणी बोललेच नाही!

इतिहासवेडा

घ्या, गोडाचेही लिहितो. आग्नेयेला माएबूरजवळ विल न्वार येथे रो कुटुंबाचा बिस्किटांचा कारखाना १८७० पासून चालू आहे आणि तो आतून पाहता येतो. कसाव्याचे कंद किसून, पिळून, वाळवून त्याचे पीठ करतात. ते चौकटीच्या साच्यांत भरून तापलेल्या तव्यांवर भाजतात आणि खाली उसाचा वाळलेला पाला जाळतात. बायका लांब पट्टीने एकेक बिस्किट उलटत जातात. शेवटी चहाबरोबर चव घ्यायला देतात. माएबूरचा मोठा बाजार सोमवारी भरतो, म्हणून सोमवार गाठला तर दोन्ही साधते.

दक्षिणेच्या डोंगरात ब्वा शेरी येथे १८९२ पासूनचा चहाचा मळा आहे. व्हॅनिलाचा गंध दिलेला तिथला चहा मॉरिशसच्या घराघरांत पितात.

शाकंभरी

रताळ्याच्या पारीत गोड खोबरे भरून तळलेला गातो पातात विसरू नका. तो बाजारातल्या गातो पिमाँच्या गाड्यांवरच असतो. गुलाबी साखरेचा लेप असलेल्या नापोलितेन बिस्किटांमध्ये अंडे आहे की नाही हे मात्र सासूबाईंसाठी दुकानात विचारून घ्या.

मृण्मयी_देव

सर्वांचे प्रतिसाद मी सासू-सासऱ्यांना वाचून दाखवले. आमचे असे ठरले आहे, की ग्राँ बेला फक्त न्याहारी घ्यायची, बेल मारला न्याहारी आणि रात्रीचे जेवण घ्यायचे, आणि दुपार सर्वत्र मोकळी ठेवायची. हॉटेलला ईमेल करून अंड्याविना शाकाहारी जेवणाची लेखी खातरीही मागवली आहे. डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे पहिला दिवस साधे जेवण घेऊ.

आता एकच शंका उरते. बेल मारला आमचा एक रविवार येतो. रविवारी बरेच काही बंद असते असे ऐकले. त्या दुपारी काय करावे?

डॉ_निनाद

निर्णय समतोल आहे. हॉटेलचे लेखी उत्तर फोनमध्ये जपून ठेवा आणि पोचल्यावर मुख्य आचाऱ्याला प्रत्यक्ष भेटून पुन्हा सांगा. स्वागतकक्षातला निरोप स्वयंपाकघरापर्यंत पोचतोच असे नाही.

एबेनचा_रहिवासी

रविवार तर बेल मारसाठी चांगला आहे. तिथून जवळ असलेल्या फ्लाक गावात रविवारी मोठा उघडा बाजार भरतो. सकाळी लवकर जा, कारण दुपारपर्यंत तो आटोपत येतो. भाजीफळांच्या बाजूला धोल पुरी, फाराता (पराठ्याचा तिथला प्रकार) आणि गातो पिमाँच्या गाड्या असतात. तिथून पुऱ्या, अननस आणि शाकंभरींनी सांगितलेला गातो पातात बांधून घ्या आणि बेल मारच्या सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली जा. रविवारी मॉरिशसची कुटुंबेच्या कुटुंबे बिर्याणीची पातेली, चटया आणि वाद्ये घेऊन तिथे येतात, त्यामुळे सावलीची जागा अकराच्या आधी धरावी लागते. बसायला चटई आणि कचऱ्यासाठी एक पिशवी बरोबर असू द्या. फाराता घेतलात तर आतले सारण पाहून घ्या, त्यात मांसाचेही प्रकार असतात; सासूबाईंसाठी धोल पुरीच घ्यावी.

समुद्रपक्षी

आणि सासऱ्यांसाठी बाजारातच वेंदाय मिळाला तर एक डबा घ्या. पाव शेजारच्या बेकरीतून घ्या, पण तिथेही सकाळीच जा.